कणकवलीचे आप्पासाहेब आणि आमची माणसे

कणकवलीच्या इतिहासात आप्पासाहेब पटवर्धनांचे नाव अग्रभागी घेतात, आणि ते घ्यावेच. या उच्चशिक्षित ब्राह्मणाने १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. नाकारल्यावर अन्न कमी केले. येरवड्यात गांधींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. १९४८ साली गोपुरी आश्रम काढून त्यांनी मेलेल्या ढोरांच्या चामड्याचे काम हाती घेतले. पण १९२७ च्या मार्चमध्येच महाडला बाबासाहेबांनी आम्हांस मृतमांस सोडावयास सांगितले होते. आप्पासाहेबांनी जे निवडले, ते आमच्या आज्यापंज्यांवर लादलेले होते. निवडणारा 'कोकणचा गांधी' ठरला. ढोर ओढणार नाही म्हणून गावकीसमोर उभे राहिलेले म्हातारे मात्र कोणत्याच यादीत नाहीत. त्यांची नावे लिहून आणण्यासाठी मी या सुट्टीत विद्यार्थ्यांना वाड्यावाड्यांत पाठवतो आहे.