काचेला कोपऱ्याचं वावडं

मंडळी, या शनिवारी जरा घरातल्या वायरीबद्दल.

१९७९ मध्येच पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी फायबर सुरू झाली होती. लोकल जंक्शनसाठी देशातली ती पहिली. पुण्याहून सोलापूरला आमच्या घरात शिरायला मात्र या काचेला चाळीसेक वर्षं लागली! पैसा हे एक कारण झालंच. पण मला गंमत वाटते ती दुसऱ्याची: घराला कोपरे असतात.

तांब्याच्या वायरीला त्याचं काही नसायचं. चौकटीला खिळे ठोकत न्या, बिजागरीजवळ दुमडा, फोन वाजणारच. काचेचं तसं नाही. आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, बाहेरची काच धरून १२५. गाभ्याच्या कडेवरून प्रकाश आत परततो, पण ठराविक कोनापर्यंतच. फार वाकवलं की तो सांडतो. वायर दिसायला धडधाकट, सिग्नल मात्र गायब!

नेहमीच्या जी.६५२ फायबरला ३० मिमी त्रिज्येचं वळण लागतं. रस्त्याखाली ठीक आहे हो, पण दारामागे एवढा गोलवा कोण सांभाळणार? शेवटी डिसेंबर २००६ मध्ये आयटीयूने घरं-इमारती डोळ्यासमोर ठेवून जी.६५७ हे मानक काढलं. त्यातल्या प्रकारांना १०, ७.५ आणि काहींना तर ५ मिमीचं वळणही चालतं. युक्ती काय, तर बऱ्याच फायबरमध्ये गाभ्याभोवती कमी अपवर्तनांकाच्या काचेचा एक खंदक असतो. आमच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक शत्रूला बाहेर ठेवायला, हा प्रकाशाला आत ठेवायला :)

बाकी मजबुती वरच्या आवरणाची. गच्चीवरून येणाऱ्या काळ्या केबलमध्ये फायबरच्या दोन्ही बाजूंना कडक सळ्या असतात, ओढ त्या घेतात. सोलापूरच्या उन्हात काळा रंगच बरा. घरात वापरायची पांढरी केबल मऊ. चांगल्यातली असेल तर जळाली तरी धूर कमी.

आता हे सगळं मी एवढं का वाचत बसलो? आई-बाबा सोलापुरात, नोकरी पुण्यात. सोमवारी सकाळची हुतात्मा पकडायची की इथूनच काम करत त्यांच्याजवळ आणखी आठवडा काढायचा, हे माझ्या बाबतीत ही केसाएवढी काच ठरवते. बाबांना ते पटलंय. तरी वायर लोंबकळलेली दिसली की त्यांचा हात हातोडीकडे जातोच. परवा उरलेलं वेटोळं त्यांनी देवघराशेजारच्या खुंटीला टांगलं. चांगलं ताटलीएवढं आहे, म्हणून मी गप्प.