काय हा अवतार! : भूमिकाखेळांतील रूपपालटाविषयी

‘काय हा अवतार!’ केस विस्कटलेले, सदरा चुरगळलेला, पाय चिखलाने माखलेले अशा थाटात उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या मुलाला मराठी घरात हा उद्गार ऐकावाच लागतो. मत्स्य-कूर्मादी दहा रूपांसाठी योजलेला शब्द आपण गबाळेपणासाठीही सहज वापरतो आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नाही. वस्तुतः हे दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. पहिल्या अर्थाने अवतार म्हणजे कार्यासाठी धारण केलेला देह. तो मध्येच टाकता येत नाही, कार्य सरले की अवतारही सरतो. दुसऱ्या अर्थाने अवतार म्हणजे या घटकेचे बाह्य रूप. न्हाणीघरात जाऊन आले की ते पालटते. संगणकावरील रोल-प्लेइंग खेळांनी हा शब्द उचलला तेव्हा दोन्ही अर्थ नकळत त्याच्याबरोबर गेले. या खेळांतील पात्राच्या रूपाचा इतिहास हा बव्हंशी या दोन अर्थांमधील ओढाताणीचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे का मांडावा, असा प्रश्न येथे कोणी विचारील. भूमिकाखेळात खेळणारा एखादे पात्र स्वीकारतो, त्याच्या नावाने निर्णय घेतो आणि त्या निर्णयांतून कथानक पुढे सरकते. म्हणजे पात्र, निवेदन आणि वाचक यांच्या ज्या नात्यांची चर्चा आपण कादंबरीच्या संदर्भात करतो, तीच नाती येथे वेगळ्या रचनेत समोर येतात. कादंबरीच्या वाचकाला नायिकेचे नाक बदलण्याची मुभा नसते. येथे ती आहे. मात्र ती सुरुवातीपासून नव्हती.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायचा होता. पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई हे गुण आकड्यांनी ठरत. रूप मात्र शब्दांनी. ‘माझ्या योद्ध्याच्या गालावर वण आहे,’ असे खेळणाऱ्याने म्हटले आणि इतरांनी मान्य केले की वण झाला. सौंदर्यालाही आकडा देण्याचा प्रयत्न १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ या पुस्तकात झाला. पण मुळातला व्यवहार कथाकथनाचाच होता. संगणकावर आल्यावर तर रूप जवळजवळ नाहीसेच झाले. १९८० च्या ‘रोग’ या खेळातला नायक म्हणजे पडद्यावर फिरणारे ‘ॲट’ हे एकच चिन्ह. त्याला चेहरा नव्हता, म्हणून बदलण्यासारखेही काही नव्हते. अर्थात चेहरा कल्पिण्याचे काम खेळणाऱ्याकडे होते आणि ते तो कादंबरीच्या वाचकाइतक्याच सहजतेने करीत असे.

‘अवतार’ हा शब्द या क्षेत्रात दोन वाटांनी आला. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथ्या खेळात (१९८५) नायकाने आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ पदाला पोचायचे असते. खेळाच्या आरंभी रूप निवडायचे नसतेच. एक भविष्य सांगणारी स्त्री नैतिक पेच घालते आणि त्यांच्या उत्तरांवरून तुम्ही कोण आहात हे ठरते. हा आपल्या पहिल्या अर्थाचा अवतार. दुसरी वाट लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ची. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी घडवलेले, कमोडोर ६४ या संगणकावर दूरध्वनीच्या तारेने अनेकांना एकत्र आणणारे हे जग १९८६ साली चाचणीसाठी खुले झाले. तेथे पडद्यावरच्या आपल्या प्रतिमेलाच ‘अवतार’ म्हणत. या अवतारांची मुंडकी सुटी होती. ती विकत मिळत, काढता येत, दुसरी बसवता येत. कोणी मारला गेला तर तो आपले डोके हातात धरून, रिकाम्या खिशाने स्वतःच्या घरी प्रकट होई. एकाच शब्दाचे हे दोन उपयोग अवघ्या वर्षभराच्या अंतराने झाले. एकात रूप गौण आणि चारित्र्य सर्वस्व. दुसऱ्यात मस्तकसुद्धा बाजारातली वस्तू.

चित्रांच्या या वाटेला समांतर अशी शब्दांची एक वाट काही काळ चालू राहिली, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. १९९० साली सुरू झालेल्या ‘लॅम्डामू’ या पूर्णतः मजकुरावर चालणाऱ्या जगात प्रत्येक जण स्वतःचे वर्णन लिहीत असे आणि भेटणारा ते वाचत असे. रूप बदलायचे म्हणजे परिच्छेद पुन्हा लिहायचा. लिंगाची निवडही दोहोंपुरती मर्यादित नव्हती. त्यांतल्या एका पर्यायाला ‘स्पिवाक’ म्हणत. हे नाव आपल्या परिचयाच्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्यावरून आलेले नसून, लिंगनिरपेक्ष सर्वनामे वापरणारे गणितज्ञ मायकेल स्पिवाक यांच्यावरून आले आहे. शब्दांच्या या मोकळ्या जगात भेदभाव उरला नसेल असा समज होऊ शकतो. लिसा नाकामुरा यांनी १९९५ च्या निबंधात त्याला धक्का दिला. गोरे वापरकर्ते सामुराई वा गेशा यांसारखी ठरीव आशियाई रूपे हौसेने घेत आणि कंटाळा आला की टाकून देत; या वृत्तीला त्यांनी ‘अस्मितेचे पर्यटन’ म्हटले. पर्यटकाला परतीचे तिकीट असते, रहिवाशाला नसते. रूपपालटाच्या कोणत्याही चर्चेत हा मुद्दा विसरून चालणार नाही.

चित्रे सुधारली तसे रूप प्रथम व्यवसायाला जोडले गेले. ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या खेळात (१९८७) पात्रांना वरचा दर्जा मिळाला की त्यांची आकृती बदले, तिसऱ्यात (१९९०) जसा पेशा तसा पोशाख. ‘डायब्लो’त (१९९६) चिलखत चढवले की ते अंगावर दिसू लागे. ‘बाल्डर्स गेट’मध्ये (१९९८) खेळणाऱ्याला तयार व्यक्तिचित्र निवडता येई, त्वचा, केस आणि कपडे यांचे रंग ठरवता येत. याच खेळात एक शापित कमरपट्टा आहे. तो बांधताच पात्राचे लिंग बदलते आणि शाप उतरवल्याखेरीज तो निघत नाही. लिंगबदल येथे थट्टेच्या आणि शिक्षेच्या रूपाने येतो, हे नोंदवून ठेवावे. नंतरच्या पंचवीस वर्षांत याच गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी किती बदलली हे त्यावरून मोजता येईल.

त्यानंतर वर्षभरातच आलेला ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ (१९९९) मात्र निवड नाकारतो. त्याचा अनामिक नायक शवागारात जागा होतो. देह वणांनी भरलेला, स्मृती पुसलेली आणि पाठीवर गोंदलेल्या सूचना. त्या त्याला स्वतःला वाचता येत नाहीत, सोबतीची बोलकी कवटी त्या वाचून दाखवते. येथे शरीर हीच संहिता आहे. ती आधीच्या जन्मांनी लिहिली आहे आणि खेळणाऱ्याने ती वाचायची आहे. पुढे नवी गोंदणे घेता येतात, पण जुने वण मिटत नाहीत.

यानंतरचा टप्पा उंबरठ्याचा. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये तयार चेहऱ्यांतून एक उचलायचा होता, २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये नाकाची लांबी, हनुवटीचा उतार, डोळ्यांतले अंतर हे सारे सरकपट्ट्यांनी ठरवता येऊ लागले. कथेच्या आरंभी भुयारी गटारातून बाहेर पडताना खेळ विचारतो, काही बदलायचे आहे का? ती अखेरची संधी. दार उघडले की चेहरा कायमचा. तास-दीड तास खपून चेहरा घडवायचा आणि बाहेरच्या उन्हात तो निराळाच दिसायचा, हा अनुभव आम्हीही घेतला आहे. पण या व्यवस्थेत एक गांभीर्य होते. जन्मापूर्वी मिळालेली निवड जन्मानंतर मोडता येत नाही, हे अवताराच्या पहिल्या अर्थाशी जुळणारे होते. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येही आरंभी हाच नियम होता. त्याच वर्षीच्या ‘फेबल’ने रूपाचे नियंत्रण खेळणाऱ्याच्या हातून काढून घेऊन त्याच्या कर्मांकडे सोपवले. दुष्कृत्ये केली की शिंगे फुटत, सत्कृत्ये केली की तेजोवलय येई. वय वाढे, जखमांचे वण राहत, आणि गावकरी ते सारे पाहून भीत किंवा टाळ्या वाजवीत. कल्पना ढोबळ होती खरी, परंतु तेथे रूप बदलले तर जगाला ते दिसत होते.

मग आरसे आले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००८ साली केशकर्तनालय उघडले; २००९ पासून खरे पैसे भरून वंशही बदलता येऊ लागला. ‘ड्रॅगन एज’च्या दुसऱ्या खेळाला (२०११) जोडलेल्या एका दुकानात रूप पालटणारा आरसा ठेवला गेला. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) आधी अशी सोय नव्हती, २०१२ च्या ‘डॉनगार्ड’ या जोडभागाने रिफ्टन शहराखालच्या गुत्त्यात गॅलाथिल ही चेहरे घडवणारी स्त्री आणली. हजार मोहरा घेऊन ती मुखवटा नव्हे, मुखच बदलते. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) या खेळाची सारी कथा देहात यंत्रे बसवण्याभोवती फिरते. तरी प्रकाशनानंतर वर्षाहून अधिक काळ, २०२२ च्या सुधारणेपर्यंत, त्यात साधे केससुद्धा बदलता येत नव्हते. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि सप्टेंबरच्या सुधारणेत त्याच्या तळावरही जादूचा आरसा येऊन बसला.

या आरशांपुढे उभे राहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. नायक नवे नाक, नवा रंग, नवे केस घेऊन मागे वळतो आणि शेकोटीपाशी बसलेले त्याचे सोबती काहीच घडले नाही असे बोलू लागतात. कोणी दचकत नाही. ‘काय हा अवतार!’ असे म्हणायलासुद्धा कोणी नाही. आपल्या परंपरेत वेषांतर हे जोखमीचे काम आहे. विराटाच्या दरबारी अर्जुन बृहन्नडा होऊन राहतो तेव्हा ओळख पटण्याची किंमत पुन्हा बारा वर्षांचा वनवास ही असते. म्हणून त्या एका वर्षातला प्रत्येक प्रसंग ताणलेला आहे. शकुंतलेच्या कथेत रूप तेच असून ओळख हरवते. दोन्हीकडे कथेचा प्राण रूपात नसून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. आरशाने रूप दिले, नजर दिली नाही.

गंमत अशी की ‘बाल्डर्स गेट ३’मध्येच याचा प्रतिदाखलाही आहे. आरशाऐवजी वेषांतराचा मंत्र वापरून ‘ड्राउ’ या दबदबा असलेल्या वंशाचे रूप घेतले, तर गॉब्लिन टोळीचे पहारेकरी अदबीने वाट सोडतात. मंत्राची मुदत आहे, जोखीम आहे आणि म्हणून त्यातून कथा निपजते. ‘डार्क सोल्स ३’मधली (२०१६) रोझारिया पुनर्जन्म देते, परंतु एका फेरीत पाचच वेळा, आणि तिच्या दालनाभोवती अळ्यांसारखी सरपटणारी माणसे दिसतात. वारंवार रूप बदलण्याविषयी त्या खेळाला काय म्हणायचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

मग पूर्वीचा उंबरठाच बरा होता, असे आम्हांला म्हणायचे आहे का? नाही. उंबरठ्यावरची निवडही सर्वांना सारखी नव्हती. सरकपट्ट्या कितीही असोत, ज्याच्या केसांची कुरळी ठेवण वा त्वचेची छटा यादीतच नाही, त्याला स्वतःसारखा अवतार घडवता येत नसे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने मानवी पात्रांना विविध वंशांचे चेहरे आणि त्वचेच्या अधिक छटा दिल्या त्या २०२० साली, म्हणजे सोळा वर्षांनी, लिंग बदलणेही तेव्हाच केशकर्तनालयात खेळातल्या नाण्यांवर आले. रूपाचा परिणाम वरवरचा नसतो, हेही आता ठाऊक आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांच्या २००७ च्या प्रयोगांत, उंच प्रतिमा मिळालेल्यांनी वाटाघाटीत अधिक ताठर भूमिका घेतली. पडद्यावरचा देह पडद्याबाहेरच्या वागण्याला वळण देतो. ज्याला घरात आणि रस्त्यावर आपले खरे रूप धारण करता येत नाही, अशा माणसाला तो आरसा पहिल्यांदा स्वतःची भेट घडवू शकतो. त्याच्यासाठी जगाने न दचकणे हीच कदाचित सर्वांत मोठी दया असते.

म्हणूनच या मुभेवर किंमत चढते तेव्हा ते खटकते. २०२४ च्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’मध्ये रूप बदलण्याची वस्तू खेळातही मिळत होती, आणि तीच खऱ्या पैशांत विकायलाही ठेवली होती, त्यावर खेळणारे संतापले. ‘हॅबिटॅट’च्या मुंडक्यांचा बाजार असा फिरून आला. फरक इतकाच की तेव्हाची नाणी त्या जगातली होती.

अवताराच्या दोन अर्थांपैकी एक निवडण्याची गरज आपल्याला मराठीत कधी पडली नाही. कार्य आणि वेश, नियती आणि न्हाणीघर ही दोन्ही आपण एकाच शब्दात सांभाळली, कारण दारात उभे राहून पाहणारे कोणीतरी होते. ‘काय हा अवतार!’ या उद्गारात रागावणे आहे, तशीच ओळखही आहे: रूप कसेही झालेले असो, हा आमचाच. खेळांनी रूप बदलण्याची कला जवळजवळ पूर्णत्वाला नेली आहे. ते रूप पाहून, दचकून आणि तरीही ओळखून आत घेणारी नजर ते कशी रचतात, याकडे आमचे लक्ष राहील.