‘हद्दीपलीकडे गेले’ : तळटीप

* ‘हद्दीपलीकडे गेले’ : हसनाबाद आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात असले, तरी हा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. मूळ प्रसंग १९४८चा. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. लगतचा बुलढाणा भारतात. त्यामुळे वऱ्हाडातल्या सोयऱ्यांकडे जाणेही ‘हद्द’ ओलांडणे ठरे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या भयाने सीमेवरच्या गावांतली बरीच कुटुंबे अशीच बाहेर पडली.

२९ नोव्हेंबर १९४७च्या ‘जैसे थे’ करारानुसार भारत आणि हैदराबाद या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमले; भारताचे क. मा. मुनशी हैदराबादेत राहिले. पुढच्या तक्रारी दुहेरी होत्या. भारत म्हणे, रझाकारांना आवरा, निर्वासितांचा ओघ थांबवा. हैदराबादचे पंतप्रधान लायक अलींचे सरकार म्हणे, तुमच्या नाकेबंदीने औषधे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनही अडले आहे. भारताने हे नाकारले. ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली. मात्र १७ सप्टेंबरला, भारताच्या लष्करी ‘पोलीस कारवाई’च्या पाचव्या दिवशी, संस्थानाने शरणागती पत्करली.

मूळ लेखात ‘गेले’ एवढेच आहे, ‘परतले’ नाही. कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवरही घरदार सोडण्याची पाळी आली. त्या हिंसाचाराची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. म्हणून ‘गेले’ हा शब्द एकाच समाजापुरता वाचू नये.
— संपा.