आकडे खुले, पण कोणासाठी?

संशोधनाची माहिती सर्वांसाठी खुली असावी, ही खुल्या विज्ञानाची मागणी आम्हाला मान्य आहे. ज्यांना शतकानुशतके ज्ञानाची दारे बंद होती, ते दार उघडण्याला विरोध कसा करतील? पण नोंद कोणाची आणि ताबा कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे.

इतिहास पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या याद्या केल्या. १९११ च्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यातही आले. बोटांचे ठसे, रोजची हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंट. पारधी, कैकाडी यांच्याबद्दल ही माहिती गोळा झाली, पण त्यांना कोणी विचारले नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. गुन्हेगार हा शिक्का आजही गेलेला नाही.

दुसरी बाजूही आहे. १९३२ मध्ये लोथियन समितीत बाबासाहेब सदस्य होते. मताधिकाराचा प्रश्न येताच अस्पृश्यांची संख्या कमी करून सांगण्याची चढाओढ लागली. म्हणजे आकडा लपवणे हेही हत्यारच. संपूर्ण जातवार आकडे देणारी शेवटची जनगणना १९३१ ची. २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली, पण जातीचे आकडे जाहीर झाले नाहीत. बिहारने मात्र २ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वेक्षणाचे आकडे लोकांपुढे ठेवले.

यातून धडा असा की, व्यवस्थेची मोजदाद खुली हवी आणि माणसाची ओळख सुरक्षित हवी. आपल्याकडे नेमके उलटे घडत आले. सर्वेक्षणातून नाव पुसले की झाले, असे समजू नका. गावात एखाद्या जातीचे एकच घर असेल, तर गाव, जात आणि व्यवसाय एवढ्यावरून माणूस सापडतो. अत्याचाराची साक्ष देणारी बाई अशा फाइलमध्ये सापडली, तर किंमत संशोधक मोजत नाही; ती मोजते.

२०१६ मध्ये फेअर तत्त्वे आली: माहिती सापडावी, मिळावी, जुळावी, पुन्हा वापरता यावी. त्यात माहिती देणाऱ्यांचा अधिकार नव्हता. म्हणून आदिवासी समूहांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये केअर तत्त्वे आली. समूहाचे हित, समूहाचे नियंत्रण, संशोधकाची जबाबदारी आणि नीती, हा त्यांचा गाभा.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. विद्यापीठांच्या माहितीकोशांवर निर्णय घेणाऱ्या समित्यांत वस्तीतली माणसे बसवा. संमती एकदाच अंगठा घेऊन संपवू नका. नवा वापर, नवी विचारणा. आमची माहिती आमच्याशिवाय खुली होत असेल, तर ती १८७१ चीच वही आहे, फक्त आता संगणकात.

जय भीम!