कुंभारीच्या वेशीवर थांबलेली नगरसत्ता

सोलापूर नगरपालिका १८५२ सालची. आरंभी तिचे सभासद सरकार नेमीत असे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर लोकनियुक्त सभासदांना वाट मिळाली. त्या वाटेने आलेल्या सभागृहाने ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवला. मे महिन्यात शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांना कारावास घडला. त्या पदाला केवढे वजन होते, हे यावरून कळावे.

१ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दर्जा वाढला खरा. पण महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवणारे, आणि कार्यकारी अधिकार शासननियुक्त आयुक्तांकडे! या बढतीची ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

१९९२ च्या हद्दवाढीने महापालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. अक्कलकोट रस्त्यावरचे कुंभारी त्या रेषेबाहेर राहिले. पुढे त्याच गावाच्या शिवारात विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. पाठोपाठ तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातील १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले.

ग्रामपंचायत कायद्यात सदस्यसंख्या ७ ते १७ एवढीच. सोलापूर महापालिकेत २०१७ साली १०२ नगरसेवक निवडून आले. ग्रामीणाकडून नागरीकडे जाणाऱ्या अशा वस्त्यांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायतीची तरतूद केली, ती १९९३ पासून अमलात आहे. कुंभारीतली पहिली मोठी वसाहत त्यानंतरची.