एका निशाणाखालील पंक्तिभेद

राष्ट्रीय उत्सवांत सर्व भेद मावळतात, असें आपण सहज म्हणतों. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहराचा इतिहास निराळी साक्ष देतो. १९१० सालीं मेक्सिकोंत राज्यक्रांति पेटली, आणि दोन प्रकारचे लोक सीमा ओलांडून या शहरीं आले: क्रांतीला भिणारे धनिक व विद्वान, आणि तिच्या धुमाळींत उपासमारीनें गांजलेले मजूर. दोघांचाहि सण एकच, १६ सप्टेंबर. १८१० सालीं याच दिवशीं मिगेल हिदाल्गो या धर्मोपदेशकानें डोलोरेस गांवीं देवळाची घंटा वाजवून स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंडाची हांक दिली होती.

निशाण एक, पण पंगती दोन. उत्सवाचीं सूत्रें मेक्सिकन वकिलात व प्रतिष्ठित मंडळी यांच्या हातीं असत. व्यासपीठ त्यांचें, क्लबांतील नृत्यसमारंभहि त्यांचा. शहराच्या पश्चिम भागांत झोपड्यांतून राहणाऱ्या मजुरानें जयघोष तेवढा करावा! १९३८ सालीं त्याच वस्तींतील सुमारें १२,००० पेकन सोलणाऱ्या कामगारांनीं मजुरी घटविल्यामुळें संप केला. एम्मा तेनायुका ही एकवीस वर्षांची तरुणी त्यांत अग्रभागीं होती. पुढाऱ्यांत साम्यवादी आहेत, या सबबीवर मेक्सिकन व्यापारी मंडळानें पाठिंबा नाकारला.

हिदाल्गोच्या हांकेला धांवून आले होते ते गरीब शेतकरी व खाणकामगार. शतकानंतर त्यांच्याच नांवाचा सण भरला, आणि त्यांच्यासारख्यांना त्यांत जागा मिळाली ती श्रोत्यांची.