संगणकाविना संगणकशास्त्र

'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी' अर्थात 'एसीएम' ही संगणकशास्त्रज्ञांची जागतिक संघटना १९४७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या भारतीय शाखेचे, 'एसीएम इंडिया'चे, काम २०१० मध्ये सुरू झाले. संशोधक व प्राध्यापकांच्या या संघटनेने २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' हा उपक्रम हाती घेऊन आपला मोर्चा शाळांकडे वळविला.

शाळेतील संगणकाचा तास म्हणजे टंकलेखन आणि चित्रे रंगविणे, या समजुतीलाच उपक्रमाचा आक्षेप आहे. मुलांना शिकवायची ती संगणकीय विचारपद्धती, म्हणजे प्रश्नाची फोड करणे, त्यातील आकृतिबंध ओळखणे आणि उत्तराकडे नेणाऱ्या पायऱ्या क्रमाने मांडणे. त्यासाठी यंत्र हवेच असे नाही. १६, ८, ४, २ आणि १ ठिपक्यांची पाच पत्ती घ्यावीत. त्यांतील १६, ४ व १ उघडी ठेवली, की २१ ही संख्या होते आणि तिचे द्विमान रूप १०१०१ समोर दिसते. न्यूझीलंडमध्ये रुजलेली ही रीत. वाशिम जिल्ह्यातील धनजसारख्या गावापर्यंत हा विषय न्यायचा, तर वीज आणि यंत्रांची वाट न पाहणारी हीच पद्धत अधिक व्यवहार्य म्हणावी लागेल.

लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली 'बेब्रास' ही कोड्यांची स्पर्धाही भारतात याच उपक्रमातर्फे घेतली जाऊ लागली. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय विचारपद्धतीचा पुरस्कार केला. खरी अडचण शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आहे. धोरणातील वाक्य वर्गात उतरवायचे ते त्यांनाच.